नमुना टाकीतून नको, वॉर्डातल्या नळातून घ्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

साहेब, मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. शिक्षण बारावी. औषध म्हटलं की मला आधी फवारणीचंच आठवतं. तरीही दवाखान्यातल्या पाण्याबद्दल तुम्हाला लिहितोय, कारण हे पाणी मी एकवीस दिवस जवळून पाहिलं आणि ते पाहताना माझी ठिबकची अक्कल कामाला आली.

गेल्या वर्षी फळछाटणीच्या तोंडावर बायकोला रक्ताचा कॅन्सर निघाला. आमच्याकडं असं काही निघालं की माणूस मिरजेची वाट धरतो. आम्हीच नव्हे, जत, आटपाडी, मंगळवेढा, पलीकडं अथणी, जमखंडी, सगळेच. डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिशनचा दवाखाना उभा केला तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. ज्या दवाखान्यात आम्ही होतो त्याचं नाव इथं घेत नाही. डॉक्टरांनी, सिस्टरांनी तिच्यासाठी जे केलं त्याचं ऋण मोठं आहे, आणि माझं म्हणणं कुणा एका दवाखान्याबद्दल नाहीच.

केमो सुरू झाली आणि आठव्या दिवशी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी 400 पर्यंत खाली आल्या. निरोगी माणसाच्या चार हजारांच्या वर असतात. सिस्टरांनी मला बाजूला घेऊन यादी सांगितली. कच्ची कोशिंबीर नको, बाहेरची भेळ नको, फुलं आणायची नाहीत, बेदाणे नकोत, भेटायला गर्दी नको. द्राक्षंसुद्धा नकोत, म्हणाल्या, आणि त्या परिस्थितीतही आम्ही दोघं हसलो. पाणी उकळून थंड केलेलंच द्यायचं. मी सगळं पाळलं. घरून स्टीलची कळशी आणली, रोज उकळलेलं पाणी भरून ठेवलं.

पण त्याच वॉर्डात कोपऱ्यात एक बेसिन होतं. तिथं ती तोंड धुवायची, चूळ भरायची. तिथंच सगळे हात धुवायचे, उरलेला चहा ओतायचे, सलाइनच्या बाटलीत राहिलेलं ग्लुकोज ओतायचे, डबे विसळायचे. नळाच्या तोंडाला जुन्या चादरीची चिंधी रबर लावून बांधली होती. गाळ अडावा म्हणून कुणीतरी चांगल्याच मनानं बांधली असणार, घरोघरी बांधतातच. एका रात्री झोप येईना म्हणून मी ती सोडली. आतून गुळगुळीत, मासा हातात धरल्यासारखी. बोटाला हिरवट-काळा चिकटा आला आणि कुबट वास. चिंधीमागं नळाच्या तोंडाची जाळी होती, ती फिरवून काढली, तर तिच्या आतल्या बाजूलाही तोच थर.

तो चिकटा मी ओळखतो, साहेब. ज्याच्या रानात ठिबक आहे तो प्रत्येक जण ओळखतो. विहिरीचं पाणी कितीही स्वच्छ दिसू दे, सॅन्ड फिल्टर, जाळीचा फिल्टर दोन्ही असू देत, नळ्यांच्या आतून हळूहळू बुळबुळीत थर धरतो. ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी छोटी तोटी, आधी बारीक होते, मग बंद पडते. पाणी जिथं हळू वाहतं, जिथं थांबून राहतं, लॅटरलच्या, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या नळीच्या, शेवटाला, तिथं हा थर जास्त. म्हणून आम्ही क्षारासाठी ॲसिड सोडतो, चिकट्यासाठी क्लोरीन सोडतो, रात्रभर नळीत ठेवतो आणि सकाळी नळीच्या शेवटचं टोपण, एंड कॅप, उघडून सगळी घाण बाहेर काढतो. नुसतं वरून क्लोरीनचं पाणी वाहवलं तर थर मरत नाही. वरचं साल निघतं, खाली बसलेलं जिवंत राहतं आणि आठवड्यात पुन्हा धरतं. डॉक्टर लोक याला बायोफिल्म म्हणतात. आमच्या द्राक्षाच्या मुळीला त्यानं काही होत नाही. प्रश्न फक्त ड्रिपरचा असतो. वॉर्डात त्या ड्रिपरच्या तोंडाशी 400 पेशींचा माणूस उभा असतो.

अकराव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला. रक्ताचं कल्चर लावलं, म्हणजे रक्तात जंतू वाढतो का ते बघायचं. दोन दिवसांनी रिपोर्टमध्ये जंतूचं नाव आलं, स्यूडोमोनास. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, हा नळातून आला का? त्यांनी खरं तेच सांगितलं: "सांगता येणार नाही. तिच्या स्वतःच्या आतड्यातूनही येऊ शकतो." मी ते मानतो, आणि नळानंच घात केला असं इथं लिहीतही नाही. पण नळातून आला की नाही हे सांगता का येत नाही, याचं उत्तर शोधायला गेलो आणि तिथं मात्र पाणी मुरत होतं.

मी दवाखान्याकडं पाण्याचा रिपोर्ट मागितला. द्यायला कुणी नाही म्हटलं नाही, लगेच झेरॉक्स दिली. निष्कर्ष: पिण्यास योग्य. नमुन्याचं ठिकाण: तळमजल्यावरची टाकी. तपासणी कशाची? कोलिफॉर्म आणि ई कोलाय. म्हणजे पाण्यात मैला मिसळलाय का, एवढंच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, हेच विचारतं, आणि गावातल्या धडधाकट माणसासाठी ते बरोबरही आहे. पण स्यूडोमोनास मैल्यातून यायची वाट बघत नाही. तो साध्या पाण्यात, नळाच्या तोंडात, बेसिनच्या पाइपात स्वतःच वाढतो. ई कोलाय शून्य आला म्हणून स्यूडोमोनास शून्य, असा हिशोब होत नाही. लिजिओनेला, स्टेनोट्रोफोमोनास, टीबीच्या जंतूचे पाण्यात राहणारे चुलतभाऊ, फ्युजेरियमसारखी बुरशी, कुणाचाच होत नाही. धडधाकट माणसाला यातलं बहुतेक काही करत नाही, म्हणून कुणी शोधत नाही.

यातली एक गोष्ट कळल्यावर मी अर्धा दिवस कुणाशी बोललो नाही. बाटलीबंद पाण्यासाठी आपल्याच देशाचं वेगळं मानक आहे, आयएस 14543. त्यात लिहिलंय की 250 मिलिलिटर पाण्यात स्यूडोमोनास एरुजिनोसा असता कामा नये. म्हणजे मिरज स्टेशनवर गाडी सुटायच्या घाईत जी बाटली घेतो, तिला ही अट आहे. केमोच्या वॉर्डातल्या नळाला नाही.

दुसरी गोष्ट नमुना काढायच्या रीतीची. पिण्याच्या पाण्याचा नमुना घेताना नळाचं तोंड आधी जाळावर धरून किंवा स्पिरिटनं पुसून निर्जंतुक करतात, मग दोन-तीन मिनिटं पाणी सोडून देतात, मग बाटली भरतात. कारण त्यांना लाइनमधलं पाणी तपासायचं असतं, नळ नव्हे. पण आपल्याला नळच तपासायचा आहे! परदेशात अशा तपासण्या झाल्या तेव्हा स्यूडोमोनास बहुतेक वेळा शेवटच्या दोन मीटरमध्ये सापडला, म्हणजे नळ, त्याची जाळी, मागची लवचीक नळी, एवढ्यात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आपली म्हण आहे. इथं आड चांगला आणि पोहरा नासलेला, आणि आपण वर्षानुवर्षं आडाचाच रिपोर्ट फाइलला लावतोय.

उत्तर आयर्लंडमध्ये 2011 च्या डिसेंबरपासून 2012 च्या जानेवारीपर्यंत नवजात बाळांच्या कक्षांत स्यूडोमोनासनं चार बाळं गेली. बेलफास्टमध्ये शोध घेतला तर तो नळांत निघाला. नळ साधेसुधे नव्हते, हात न लावता चालणारे, आतून गुंतागुंतीचे, नव्या पद्धतीचे. त्यांनी नळ बदलले, बाळांना निर्जंतुक पाण्यानंच पुसायचं ठरवलं, आणि पुढं इंग्लंडमध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या की अशा वॉर्डांतलं पाणी नळातून घेऊन ठराविक काळानं तपासायचं, तेही सकाळी नळ कुणी वापरण्याआधीचं पहिलं पाणी. चार बाळं जाईपर्यंत त्यांनाही सुचलं नाही हे खरं. पण सुचल्यावर त्यांनी लिहून काढलं. आपल्याकडं भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला दहा बाळं आगीत गेली तेव्हा राज्यभर फायर ऑडिटचा धडाका लागला. आग दिसते साहेब, धूर दिसतो, टीव्हीवर येतो. नळातून मेलेलं माणूस मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं 'सेप्सिस', म्हणजे अंगभर भिनलेला संसर्ग, असतं.

आता तुमच्या खात्याचीच एक चांगली गोष्ट सांगतो. आमच्या गावात पाण्याला पहारेकरी आहे. जलसुरक्षक रोज नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आरोग्य खातं स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड देतं, लाल, पिवळं, हिरवं. लाल कार्ड आलं की ग्रामसभेत सरपंचाला तोंड दाखवणं मुश्कील होतं. टाकीवर ऑइलपेंटनं तारीख लिहिलेली असते, टाकी धुतल्याची आणि पुढच्या धुण्याची. खेड्यातल्या आडाला एवढी व्यवस्था आहे. वॉर्डातल्या नळाला कुठलं कार्ड आहे? त्या दवाखान्याच्या गच्चीवर आम्ही नातेवाईक कपडे वाळत घालायचो. तिथं सहा काळ्या टाक्या होत्या. एकीवर तारीख होती, ती दोन वर्षांपूर्वीची. बाजूनं एक पाइप निघून बंद पडलेल्या जुन्या विंगकडं जात होता आणि टोपण मारून तसाच सोडला होता, आत पाणी साचलेलं. आमच्या भाषेत तो शेवटाचा लॅटरल, कधीच न धुतलेला.

गच्चीवर सोलरही होतं. पावसाळ्यात ऊन नसलं की सोलरचं पाणी कोमट राहतं, आणि पेशंट म्हणतात बरं आहे, कोमट तर कोमट. लिजिओनेलालाही तेच बरं असतं. 25 ते 45 अंशांत तो वाढतो, 60 च्या पुढं मरतो. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला माजी सैनिकांच्या मेळाव्यात तो प्रथम कळला. त्याचं पाणी प्यायल्यानं सहसा काही होत नाही, शॉवरचे, कुलरचे बारीक तुषार श्वासात गेले की न्यूमोनिया होतो. सोलरला बिजलीचा कॉइल जोडून टाकी 60 अंशांवर ठेवणं हे फार मोठं काम नाही. एक थर्मामीटर आणि एक वही.

ऑक्सिजनच्या बुडबुड्यांच्या बाटलीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ती सिलिंडरजवळ असते, आत पाणी, त्यातून ऑक्सिजन पेशंटच्या नाकात जातो. शेजारच्या बेडच्या बाटलीतलं पाणी कमी झालं म्हणून वॉर्डातल्या एका मामानं, म्हणजे वॉर्डबॉयनं, बेसिनच्या नळावर नेऊन भरून आणली. मीही बघत बसलो, मलाही तेव्हा काही वाटलं नाही. त्यात निर्जंतुक पाणीच घालायचं असतं, आणि उरलेल्यात भर घालायची नसते, ओतून नव्यानं भरायचं असतं. नेब्युलायझरचा, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राचा, कप नळाखाली विसळून तसाच ओला ठेवणं, तेही तसलंच. हे सुधारायला टेंडर लागत नाही. भिंतीवर मराठी आणि कानडी दोन्हींत एक कागद लागतो, आणि मामा-मावशींना कुणीतरी न ओरडता समजावून सांगावं लागतं.

कॉरिडॉरमधल्या आरओ मशीनवर लोकांचा फार विश्वास आहे. आरओ झालेल्या पाण्यातला क्लोरीनही जातो, आणि मग ते मशीनच्या टाकीत राखणदाराविना पडून राहतं. ती टाकी आणि तोटी धुतली नाही तर पाणी चवीला गोड आणि आतून चिकटा. म्हणून उकळलेलं ते उकळलेलं.

डायलिसिसचं वेगळं आहे. तिथं पाणी प्यायलं जात नाही, एका वेळेला चार तासांत सुमारे 120 लिटर पाणी पातळ पडद्याच्या पलीकडून रक्ताला लागून जातं. क्लोरीनही तिथं विष, तो कार्बन फिल्टरनं काढावाच लागतो, आणि काढला की पुढच्या पाइपांना वाली नाही. म्हणून तिथल्या पाण्यात एका मिलिलिटरला 100 पेक्षा कमी जंतू असा जगभराचा दंडक आहे, आणि पाइपांची फेरी ठरल्या दिवशी निर्जंतुक करायची असते. 1996 साली ब्राझीलमध्ये करुआरू गावात दुष्काळामुळं डायलिसिस केंद्राला टँकरनं धरणाचं पाणी आणलं, ते नीट शुद्ध केलं नाही, शेवाळाचं विष रक्तात गेलं आणि 50 हून अधिक पेशंट यकृत निकामी होऊन मेले. दुष्काळ आणि टँकर हे दोन शब्द आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागाला समजावून सांगावे लागत नाहीत. 2016 च्या एप्रिलमध्ये याच मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. ते भरायच्या आधी रेल्वेच्या टाकीच्या वाघिणी राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन आणल्या होत्या. रेल्वेला सुचलं ते दवाखान्याच्या टँकरवाल्याला कुणी विचारतं का? आणि 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा किती दिवस नळ कोरडे होते ते सांगलीकरांना आठवतं. कोरडे पडलेले पाइप पुन्हा भरतात तेव्हा आतले खवले सुटून येतात. पुरानंतर वॉर्डातले नळ धुऊन, तपासून मगच पेशंटला द्यायचे, एवढं तरी परिपत्रक हवं.

आता मागणं. सगळ्या दवाखान्यांतल्या सगळ्या नळांचं मी म्हणत नाही. ते होणार नाही आणि मग काहीच होणार नाही. केमोचा वॉर्ड, डायलिसिस, नवजात बाळांचा कक्ष, आयसीयू, भाजलेल्यांचा वॉर्ड, जिथं किडनी बदलतात तो वॉर्ड, एवढेच. तिथल्या नळाचं पाणी तीन महिन्यांतून एकदा स्यूडोमोनाससाठी तपासा, गरम पाणी लिजिओनेलासाठी. नमुना दवाखान्याच्या माणसानं काढायचा नाही. आमची द्राक्षं युरोपला जातात तेव्हा लॅबचा माणूस स्वतः बागेत येतो, वेलीवरचे घड स्वतःच्या हातानं काढतो, प्लॉटचा नंबर घालतो. मी पॅकहाउसमधली चांगली पेटी पुढं केली तर तो घेत नाही. 2010 साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांवरून कंटेनर तिकडं अडकले, कितीक बागायतदार झोपले, तेव्हापासून हे आमच्या अंगवळणी पडलंय. जर्मनीतल्या अनोळखी माणसाच्या द्राक्षासाठी जी शिस्त आम्ही पाळतो ती इथल्या पेशंटच्या चुळीसाठी मागतोय.

जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेला या तपासण्या करायचं साहित्य आणि माणसं द्या. ज्यांच्या पेशी उतरल्यात त्यांच्या नळाला 0.2 मायक्रॉनचा, म्हणजे जंतूही अडेल इतक्या बारीक छिद्रांचा, फिल्टर बसतो, थेट तोंडावर, काही आठवड्यांनी बदलायचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमोचं पॅकेज आहे, त्यात या फिल्टरचा खर्च धरा. एका दिवसाच्या भारी अँटिबायोटिकला काय लागतं ते माझ्या बिलावर आहे, आणि तिला ती सोळा दिवस लागली, पुढची केमो महिनाभर लांबली.

आणि प्रत्येक दवाखान्यात पाण्याला एक मालक ठरवा. आज प्लंबरला वाटतं जंतू डॉक्टरांचं काम, मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमना वाटतं पाइप प्लंबरचं काम, सरकारी इमारत असेल तर पाइप सार्वजनिक बांधकामचा, पाणी महापालिकेचं, खाजगी असेल तर नर्सिंग होमची नोंदणी आणखी वेगळ्या टेबलावर. मिरज-सांगलीतली मोठी सरकारी रुग्णालयं तुमच्याकडं नाहीत, वैद्यकीय शिक्षण खात्याकडं आहेत, हे मला हे पत्र लिहिताना कळलं. त्या मंत्रिमहोदयांनाही याची प्रत पाठवतोय. तुम्ही दोघांनी एका टेबलावर बसून एकच परिपत्रक काढावं. आमच्यासारख्याला कुठलं खातं कुणाचं हे ताप आल्यावर शोधायला वेळ नसतो.

एका बाबतीत मात्र लाल कार्डासारखं करू नका. नमुन्यात जंतू निघाला म्हणून दवाखान्यावर कारवाई, वर्तमानपत्रात नाव, असं झालं की पुढच्या वेळी नमुना घ्यायच्या आदल्या रात्री नळात ब्लीचिंग ओतलं जाईल. माणसं आपलीच आहेत, मला ठाऊक आहे काय होतं ते. जंतू निघणं हा गुन्हा नको. निघूनही तो नळ चालू ठेवणं हा गुन्हा असावा. रिपोर्ट वॉर्डाच्या दारावर लावा, म्हणजे नातेवाईक स्वतःच विचारतील की या नळाचं काय झालं.

बायको आता बरी आहे. केस परत आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे. यंदा बेदाण्याच्या शेडवर रॅकपाशी उभी राहून बायकांना ओरडत होती. दर दोन महिन्यांनी तपासणीला मिरजेला जातो, तोच दवाखाना, तोच मजला. मागच्या खेपेला बेसिनपाशी गेलो. चिंधी नवी बांधलेली होती, फुलाफुलांची.

तुमचा मिरजेचा दौरा लागला की कळवा, मी येतो. फीत कापायच्या आधी लॅबच्या माणसाला घेऊन पहाटे पाचला वॉर्डात जाऊ, चिंधी सोडू, आणि नळ कुणी वापरण्याआधीचं पहिलं पाणी बाटलीत घेऊ.

आपला विश्वासू,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली

प्रत: मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य